पिसाळच्या तिसऱ्या षटकातला चेंडू

माझ्या धाकट्या मुलाचं, दिनकरचं, लग्न झालं ते साल दोन हजार दहा. मे महिन्यात मांडव पडला, पाहुणे पांगले, नवरा-नवरी देवदर्शनाला गेली आणि थोरल्याची मुलगी सुप्रिया सुट्टीपुरती माझ्याजवळ राहिली. ती पुण्याला कॉम्प्युटरचं शिकत होती. लग्नात आलेला नवा टीव्ही तिनं वायर लावून आपल्या लॅपटॉपला जोडला होता, आणि दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघं त्याच्यासमोर बसायचो.

"आजोबा, चिंचेचं झाड मिलच्या चिमणीच्या डावीकडं की उजवीकडं?"

"कुठनं बघतीस त्याच्यावर आहे."

"पॅव्हेलियनमधून."

"पॅव्हेलियन कसलं. पत्र्याचं शेड होतं ते. शेडातनं बघितलं तर डावीकडं."

तिनं चिंच उचलली आणि डावीकडं ठेवली.

तो क्रिकेटचा गेम होता. त्यात आजकालचे संघ तर होतेच, पण जगभरातली हौशी पोरं त्यात जुने संघ, जुने कपडे, जुनी मैदानं बनवून घालत आणि ती कुणालाही घेता येत. सुप्रियानं आधी चाळीस वर्षांपूर्वीचे मोठमोठे संघ आणून मला दाखवले. पांढरे कपडे, डोक्यावर साध्या टोप्या, बारक्या पातीच्या बॅटी. मी म्हणालो, आमच्या मिलचा संघ असाच दिसायचा. एवढं बोललो आणि त्याच दिवशी तिनं आमची मिल उभी करायला घेतली.

मी त्या मिलमध्ये बदली कामगार होतो. बदली म्हणजे कायम माणूस गैरहजर असला तरच काम. उरलेल्या दिवशी मैदान राखायचो. मुरुम चोपायचा, रूळ फिरवायचा, त्यावर काथ्याची मॅट अंथरून कडेनं खिळे ठोकायचे. पुढं कायम झालो. चौऱ्याण्णव साली मिल बंद पडली आणि मैदानावर आता फ्लॅट आहेत. मला लिहिता-वाचता येत नव्हतं. मिल बंद पडल्यावर, पन्नाशीत, थोरल्या सुनेनं पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. त्यामुळं सुप्रियानं माझ्यापुढं वही टाकली आणि म्हणाली, "अकरा जणांची नावं आणि मैदानाची माहिती तुम्हीच लिहा," तेव्हा मला बरं वाटलं. एक अख्खी दुपार मी नावं लिहिली. पहिलं नाव गुलाब हसन तांबोळी. तो सलामीला जायचा.

नावं झाल्यावर तिनं विचारलं, "आता खेळपट्टी. मॅट कशी होती?"

"काथ्याची. तपकिरी."

"रंग नाही विचारला. उसळी. चेंडू सगळीकडून सारखा उठायचा, की कुठं कमी कुठं जास्त? इथं ते ठरवावं लागतं."

मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर ती वाटच बघत होती.

"लिहा ना, आजोबा."

मी वहीत लिहिलं: मॅट सगळीकडं सारखी.

चार-पाच दिवसांनी गुलाबला बोलावून आणलं. तो दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. डावा डोळा नव्हता, तिथली पापणी कायमची मिटलेली. एकेकाळी तो मागावर कापड विणायचा; डोळा गेल्यावर तुटलेला धागा दिसेना म्हणून मिलनं त्याला गेटवर बसवलं. मिल बंद पडेपर्यंत तो गेटवरच राहिला.

तो टीव्हीसमोर पाटावर बसला आणि उजवा डोळा पडद्याला लावल्यासारखा पुढं झुकला.

"ही आपली चिमणी."

"हो."

"धूर का येत नाही?"

"रविवारी मॅच असायची ना, आजोबा," सुप्रिया म्हणाली. "मिल बंद."

गुलाब माझ्याकडं वळला. "केरबा, पोरगी तुझ्यावर गेली नाही. हुशार आहे."

मग त्यानं शेड बघितलं, चिंच बघितली, साहेबांच्या खुर्च्यांची रांग बघितली. प्रेक्षक गेममधलेच राहिले होते, सगळे गोरे, रंगीत बनियन घातलेले. "ही बिऱ्हाडं कुठली?" त्यानं विचारलं. आणि मग शेडातून दोन माणसं बॅटी घेऊन बाहेर आली. त्यातला उंच, मिशीवाला पुढं चालत होता आणि त्याच्या खाली इंग्रजीत नाव येत होतं.

"काय लिहिलंय?"

"जी. तांबोळी," सुप्रिया म्हणाली.

गुलाबनं पडद्याजवळ जाऊन त्या माणसाचा चेहरा बघितला. मग म्हणाला, "दोन्ही डोळे ठेवलेस. बरं केलंस."

बॅटिंग त्याला दोन दिवसांत जमली. एका बोटानं पाय पुढं, दुसऱ्या बोटानं फटका. गोलंदाजी सुप्रिया करायची. चेंडू कुठं टाकायचा तिथं ती जमिनीवर एक ठिपका धरायची आणि चेंडू तिथंच पडायचा. गुलाबनं चौकार मारला की आतला कॉमेंट्रीवाला इंग्रजीत काहीतरी बडबडायचा.

"हा गोरा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, काय सुंदर फटका."

"मग कळतंय त्याला."

असे आठ-दहा दिवस गेले. तो रोज तीनच्या सुमाराला यायचा, चहा घ्यायचा, खेळायचा, पाचच्या नमाजाला उठायचा. त्याची बायको देवदर्शनाहून परतलेल्या माझ्या नव्या सुनेला म्हणाली, इतका खुशीत त्यांना मी कधी बघितलं नाही. मीही खुशीत होतो. मला वाटलं, चला, एवढं तरी त्याला आपल्या घरातनं मिळालं.

मग एका दुपारी तो आला आणि चहा न घेता म्हणाला, "पोरी, मला तो चेंडू टाक."

"कुठला?"

"कराडच्या पिसाळचा. तिसऱ्या षटकातला."

सुप्रियाला ठाऊक नव्हतं. गुलाबनंच सांगितलं. बहात्तर साली कराडच्या संघाबरोबर सामना होता. पिसाळ त्यांचा वेगवान गोलंदाज. तिसऱ्या षटकात त्याचा एक चेंडू गुलाबच्या डोळ्यावर बसला. त्याच महिन्यात त्याला पुण्याला निवडीसाठी बोलावणं आलं होतं. निवडीच्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात पडून होता. दवाखान्यात आमचा कॅप्टन भेटायला आला आणि म्हणाला, घाबरून नजर काढलीस, दुसरं काय. ते मिलभर झालं. गेटवर पोरं त्याला 'मिट्टू' म्हणायची, डोळा मिटला म्हणून आणि चेंडूला भ्याला म्हणूनही.

"मी म्हणायचो, पिसाळनं मुद्दाम तोंडावर टाकला. पण एकट्यानं विचार केला की कळायचं नाही. चेंडू काही आखूड नव्हता. पुढं पडला होता, मॅटच्या चिमणीकडच्या टोकाला. तसला चेंडू तोंडाला येतोच कसा? हे मला एकदा बघायचंय. बघून मरायचंय."

त्यानं जागा बोटानं दाखवली. सुप्रियानं ठिपका धरला, गेममधल्या एका गोलंदाजाला पिसाळ ठरवून पळवत आणलं आणि चेंडू टाकला. तो कमरेला आला.

"पुन्हा."

कमरेला.

"पुन्हा टाक."

त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी तिनं तो चेंडू शंभरदा तरी टाकला असेल. वेग वाढवला, ठिपका वीतभर मागं-पुढं केला. प्रत्येक वेळी चेंडू कमरेला आला आणि गुलाबनं तो सहज पुढं ढकलला. शेवटी तो मारायचाच थांबला. नुसता बघत बसला.

"आजोबा, उसळी वाढवून बघू?" सुप्रिया म्हणाली. "मॅटची एखादी जागा खराब ठेवता येते. तिथं पडला की उठेल."

"नको पोरी. खोटं कशाला? मॅट या माणसानं घातली होती. याच्या मॅटवर पाण्याचा पेला ठेवला तर हलायचा नाही. विचार त्याला."

सुप्रियानं माझ्याकडं बघितलं. मी वहीवरचा कागद सरळ करत होतो.

गुलाब म्हणाला, "आलं ध्यानात. चेंडू कमरेचाच होता. मीच खाली बसलो. घाबरून बसलो आणि डोळा चेंडूच्या पुढ्यात नेऊन ठेवला." आणि हसला. "कॅप्टन खरं बोलला. अडतीस वर्षं मी त्या पिसाळला शिव्या घातल्या, केरबा. आणि माझ्या सलीमला बॅट धरू दिली नाही. त्याला म्हणायचो, लोक खुनशी असतात. लोक नव्हते. मीच भित्रा होतो."

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. पाच वाजायला अजून अवकाश होता.

सुप्रिया बराच वेळ टीव्हीपुढं खटपट करत राहिली. मग म्हणाली, "हे बघा."

पिसाळ पळत आला, चेंडू त्याच जागी पडला आणि सरळ वर उठून फलंदाजाच्या तोंडावर गेला.

"फक्त त्या जागेपुरती उसळी बदलली. आजोबा, हे असंच झालं असणार. त्यांना बोलावते."

"बंद कर ते."

"का?"

"बंद कर म्हटलं ना."

तिनं बंद केलं आणि माझ्याकडं तोंड करून बसली. मी तिला सांगितलं. बायकोला कधी सांगितलं नव्हतं, ते एकोणीस वर्षांच्या पोरीला सांगितलं.

कराडबरोबरच्या त्या सामन्यात नाणेफेक नसायची. पाहुणा संघ आला की त्याला पानसुपारी द्यायची आणि पहिली फलंदाजीही द्यायची, हा रिवाज. त्या वर्षी मॅनेजरसाहेब सहज म्हणाले होते, करंडक राहू दे आपल्याकडं, केरबा, तुझंही कायम होण्याचं बघू. मला कुणी काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. जे केलं ते माझ्या डोक्यानं. सकाळी मॅट अंथरताना चिमणीकडच्या टोकाला, जिथं आमचा यशवंत पोळ हमखास चेंडू टाकायचा, तिथं मुरुमात मी सुपारीएवढा खडा अर्धा रुतवला आणि वर मॅट ताणून खिळे ठोकले. पाहुणे आधी खेळणार, पोळच्या हातून एक-दोन चेंडू उडतील, दोन गडी जातील, एवढंच मनात होतं. मधल्या सुट्टीत मॅट पुन्हा ताणतात, तेव्हा खडा काढून टाकणार होतो.

पानसुपारी झाली आणि कराडचा कॅप्टन हात जोडून म्हणाला, "दर वर्षी आम्हीच आधी खेळतो. यंदा मान तुमचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुलाब बॅट घेऊन निघाला.

मला पळत जाता आलं असतं. पण खिळे उपटून मॅट उचलायची म्हणजे सगळ्या मैदानासमोर, साहेबांच्या खुर्च्यांसमोर. मी चिंचेखाली उभा राहिलो. दोन षटकं काही झालं नाही. वाटलं, नाही लागणार. तिसऱ्या षटकात लागला. लोक गुलाबला उचलून नेत होते आणि सगळ्यांच्या नजरा तिकडं होत्या, तेवढ्यात मी दोन खिळे काढले, खडा बाहेर घेतला, खिळे परत ठोकले आणि खडा गटारात टाकला. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

सुप्रिया रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "उद्या ते आले की सांगा. मी आत जाऊन बसते."

"सांगतो," मी म्हणालो, आणि सांगणार होतो.

दुसऱ्या दिवशी गुलाब सकाळीच आला. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी.

"चल. कराडला जायचंय."

"कशाला?"

"पिसाळची माफी मागायची. पत्ता काढलाय. सोमवार पेठेत राहतो. दमा झालाय म्हणतात, अंथरुणावर आहे. तू बरोबर पाहिजेस, त्या दिवशीचा दुसरा माणूस आता राहिलाय कुठं."

सुप्रिया दारात उभी होती. तिनं मला नजरेनं खूण केली. मी चपला घातल्या. वाटेत एसटीत सांगू, असं मनाशी म्हटलं. एसटीत गुलाब खिडकीशी बसला आणि इस्लामपूर येईपर्यंत उसाची शेतं बघत सलीमच्या पोरांबद्दल बोलत राहिला. इस्लामपूरच्या पुढं त्याला झोप लागली. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

पिसाळ कॉटवर उशांना टेकून बसला होता. एवढा दांडगा गडी, पार वाळून गेला होता. त्यानं गुलाबकडं बघितलं, त्या मिटलेल्या पापणीकडं बघितलं, आणि नाव विचारलं नाही. बायकोला म्हणाला, "खुर्च्या दे गं. चहा टाक."

गुलाब बसला नाही. "पिसाळ, मी माफी मागायला आलोय."

"तुम्ही? कसली?"

"जन्मभर तुम्हाला शिव्या दिल्या. म्हणायचो, मुद्दाम तोंडावर टाकला. आता कळलं. चेंडू सरळ होता, मीच भिऊन खाली बसलो."

पिसाळला दम लागत होता. तो थांबून थांबून बोलला. "नाही हो. खाली नव्हता बसला. मी बघितलंय की. तुम्ही पुढं पाय टाकला होता. नजर चेंडूवर होती, शेवटपर्यंत."

"मग तो वर आला कसा?"

"हेच तर. हेच मी इतकी वर्षं विचारतोय. त्या दिवसानंतर मी पळत येऊन चेंडू टाकला नाही. टाकायला गेलो की हात सुटायचा नाही." तो माझ्याकडं वळला. "तुम्ही मॅट घालायचा ना? ओळखलं मी. चिंचेखाली उभे होता. खरं सांगा, खाली काही होतं का?"

वहिनी चहा घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी ट्रे स्टुलावर ठेवला आणि त्याही थांबल्या. गुलाब माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यात संशय नव्हता. माझ्या मॅटला कुणी नाव ठेवलं म्हणून तो अवघडला होता, एवढंच.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "मॅट सारखी होती."

पिसाळनं मान हलवली. "मग माझ्याच हातनं काहीतरी झालं. बोटं घसरली असतील. तुम्ही माफी मागू नका तांबोळी, ती मी मागायची."

"नाही नाही. तुमचं काय त्यात. माझंच चुकलं."

"असं कसं. चेंडू माझा होता."

"डोळा माझा होता की."

दोघं हसले. पिसाळला हसताना खोकल्याची उबळ आली, वहिनींनी त्याची पाठ चोळली. गुलाब मग खुर्चीवर बसला आणि त्यानं पिसाळचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून होता. मी बशीत चहा ओतून प्यालो. चांगला झाला होता, आलं घातलेला. वहिनींनी अजून घ्या म्हटलं, तर मी आणखी अर्धा कप घेतला.

परत येताना गुलाब म्हणाला, "मोठा माणूस आहे पिसाळ. बघितलंस? मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला. म्हणे खाली बसला नव्हता, नजर चेंडूवर होती."

"कदाचित खरं असेल ते," मी म्हणालो. त्या दिवशी माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"मग चेंडू उठला कसा? मॅट तर तुझी."

घरी आलो तेव्हा सुप्रिया ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही. जाऊ दे म्हणाले."

तिनं माझा हात धरला आणि मला आत नेलं. जूनमध्ये ती पुण्याला गेली. जाण्याआधी तिनं तो गेम दिनकरच्या कॉम्प्युटरवर घालून दिला, पण गुलाब पुन्हा खेळायला आला नाही. मी दोनदा बोलावलं. म्हणाला, बघायचं होतं ते बघून झालं. त्यानं सलीमला, सुनेला, गल्लीतल्या पोरांनाही सांगून टाकलं की तो चेंडूला भ्याला होता. मोकळेपणानं सांगायचा. पोरं हसायची, तोही हसायचा. मी तिथं असलो तर मला म्हणायचा, "सांग की केरबा, तू होतास ना." मी हो म्हणून मान हलवायचो.

विष्णू पिसाळ त्याच वर्षी दिवाळीनंतर कराडला वारले. गुलाब हसन तांबोळी सात ऑगस्ट दोन हजार तेराला, रमजान ईदच्या दोन दिवस आधी, आपल्या राहत्या घरी वारला. त्याला मी सांगितलं नव्हतं.